भाचा ‘पप्पा’ म्हणाला, तेव्हा मामानं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय एकतीस, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे. थोरली बहीण चार वर्षांच्या पोराला घेऊन माहेरी आली त्याला पाच वर्षं झाली. दाजी भिवंडीला कामाला गेले. आधी महिन्याला यायचे, मग दिवाळीला, आता दिवाळीला नुसता फोन, तोही एखाद्या वर्षी नाही. पोरगा चौथीत आहे. शाळेत सोडणं, ताप आला की दवाखाना, पाढे, नखं कापणं, सगळं तुमच्याकडे. यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर गर्दीत हात सुटला, तेव्हा त्यानं ‘पप्पा’ अशी हाक मारली. तुम्ही वळलात, आणि वळल्यावर तुम्हालाच कसंतरी झालं. त्यात तुमचं लग्न जमवायचं चाललंय आणि मुलीकडचे विचारताहेत, “ह्या पोराचं पुढं काय?”

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. त्याला पप्पा म्हणू द्यावं का? बाप नसल्यानं त्याचं काही बिघडेल का? आणि माझं लग्न झालं की तो दुसऱ्यांदा पोरका होईल का?

उत्तर लांबणार आहे. तेवीस वर्षं मी सोलापुरात समुपदेशन करतोय. सुरुवात दवाखान्यात केली, मग नवरा-बायकोच्या वादांची प्रकरणं हाताळली, आता बहुतेक वेळ शाळांमध्ये जातो. “मुलाचे वडील कुठं असतात?” हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. उत्तरं ठरलेली असतात. भिवंडीला. हैदराबादला. “पुण्याला, सोमवारी हुतात्मा गाडीनं जातेत.” कुणाचा बाप तुरुंगात असतो, कुणाचा वारलेला असतो. पण सगळ्यांत जास्त ऐकलेलं उत्तर म्हणजे, “घरीच हायेत की सर.” हे म्हणताना बाई जी नजर खाली घालते, त्यावरून पुढचं कळतं. बाहेर मोटरसायकल लावल्याचा आवाज आला की पोरं टीव्ही बंद करून आतल्या खोलीत जातात, असं ते घर असतं. किंवा तेवढंही नाही. माणूस पलंगावर मोबाइल घेऊन पडलेला असतो, आणि मुलानं तीनदा हाक मारली की चौथ्यांदा “काय बे?” म्हणतो.

म्हणून ‘बाप नसणं’ हा शब्द मी जरा जपून वापरतो. भिवंडीतला बाप नसतो हे सगळ्यांना दिसतं. घरातल्याचं नसणं फक्त पोराला दिसतं.

आता चांगला बाप कसा असतो ते सांगतो, कारण तुम्हाला नेमकं काय करायचंय ते त्यातूनच कळेल. शहराच्या पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार होता. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. त्याची मुलगी परीक्षेच्या भीतीनं आजारी पडायची, म्हणून शाळेनं माझ्याकडे पाठवली होती. मी बापाला विचारलं, मुलगी कितवीत? त्यानं बायकोकडे बघितलं. सातवी का आठवी, त्याला खात्री नव्हती. मी मनात शेरा मारून टाकला. मग मुलीला घराचं चित्र काढायला सांगितलं. तिनं काढला एक बसलेला माणूस, त्याच्यापुढं पाठमोरी मुलगी, आणि माणसाच्या हातात कंगवा. रातपाळीच्या आठवड्यात हा माणूस सकाळी घरी यायचा, भुवयांवर कापसाचं तूस तसंच, आणि अंघोळीच्या आधी पोरीच्या दोन वेण्या घालून द्यायचा. पहिलीपासून. “धागा तुटला की जोडायचा, भरायचा, तेवढंच येतंय आपल्याला,” म्हणाला. वीस मिनिटं. त्याला तिचा अभ्यास माहीत नव्हता, वर्गशिक्षिकेचं नाव माहीत नव्हतं. पण कुठली मैत्रीण बोलत नाही, कुणी कुणाला चिडवलं, हे सगळं त्याला माहीत होतं, कारण वेणी घालताना पोरगी समोर बघून बोलते आणि बापाला मान हलवत नुसतं ऐकावं लागतं. माझा शेरा मी खोडला.

बाप म्हणून मुलांना आठवतं ते बहुतेक असलंच काहीतरी असतं. सायकल घेऊन दिली ते विसरतात. सायकल शिकवताना मागं धावला, ते आठवतं. आणि रोजचं आठवतं. तुम्ही नखं कापता असं लिहिलंय ना, ते मी दोनदा वाचलं.

आता थोडं माझं. माझे वडील गिरणी कामगार. नव्वदच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी अकरावीत होतो. थकलेली रक्कम मिळेल, मिळेल म्हणत वर्षं गेली. घर आईच्या विड्यांवर चालायला लागलं. सूप मांडीवर, तेंदूची पानं, तंबाखू, आणि संध्याकाळी कारखान्यात माल द्यायची घाई. वडील सकाळी डबा घेऊन, नेहमीसारखी टोपी घालून बाहेर पडायचे. कुठे जातात कळायचं नाही. एकदा मित्राबरोबर सिद्धेश्वर तलावाकडे गेलो, तर कट्ट्यावर वडील बसलेले, डबा शेजारी, न उघडलेला. मी मागच्या मागं फिरलो. त्यांना दिसलो की नाही, आजपर्यंत माहीत नाही. त्यानंतर ते घरात असूनही आमच्यासाठी तिथंच कुठंतरी, तलावावर बसलेले असायचे.

आमच्या गल्लीत एक तेलुगू शिंपी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी मला कधी बसवून उपदेश केला नाही, ‘तुझे वडील’ हा शब्द काढला नाही. संध्याकाळी दुकानात बोलावून मापाची वही लिहायला लावायचे. छाती, कंबर, बाही. वही लिहून झाली की विचारायचे, “जेवलास का बे?” बस. बारावीच्या परीक्षेची फी त्यांनी भरली, आणि आईला सांगितलं की हा वही लिहितो त्याचा पगार आहे. मला बाप मिळाला असं मला कधीच वाटलं नाही. मला एक जागा मिळाली होती, जिथं संध्याकाळी साडेसहाला माझी वाट बघितली जायची. एवढ्यावर मी दोन वर्षं तरलो. आणि वडील माझे वडीलच राहिले. अण्णांनी त्यांच्या खुर्चीवर बसायचा प्रयत्न केला असता तर मी अण्णांचा राग राग केला असता, हे मला आज खात्रीनं सांगता येतं.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. बाप नसल्यानं पोरगा बिघडतोच असं अजिबात नाही. हवाईतल्या काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार चाळिशीपर्यंत माग ठेवला. त्यातली जवळपास एकतृतीयांश मुलं वाईट परिस्थितीतली होती: गरिबी, घरात भांडणं, दारू, आईबापांपैकी कुणाला मानसिक आजार. या अशा मुलांपैकीही साधारण तिसरा हिस्सा मुलं नीट, कर्ती, माया करणारी माणसं म्हणून वाढली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे घरात किंवा घराजवळ टिकून राहिलेलं एखादं तरी मोठं माणूस. आजी, मोठा भाऊ, काका, मामा, शिक्षक, कुणीही. ते माणूस बापच असलं पाहिजे असं निघालं नाही. टिकून राहणारं असलं पाहिजे, असं निघालं.

पण म्हणून बापाच्या नसण्याचा त्रास होत नाही, असं नाही. आणि तुमच्या भाच्याचा त्रास जरा वेगळ्या जातीचा आहे. बाप वारला की सुतक असतं, तेरावा असतो, फोटोला हार असतो. लोक पोराच्या पाठीवरून हात फिरवतात. भिवंडीला गेलेल्या बापासाठी यातलं काही नाही. तो आहेही आणि नाहीही. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस या अभ्यासक बाईंनी अशा दुःखाला नाव दिलं, त्याला मराठीत संदिग्ध वियोग म्हणता येईल. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांबरोबर त्यांनी घरात असूनही मनानं नसलेल्या बापांचाही विचार केला होता. अशा माणसासाठी रडताही येत नाही आणि त्याची आशाही सोडता येत नाही. पोरगा वर्गात सांगतो, “माझे पप्पा दिवाळीला येऊलालेत,” आणि दिवाळीनंतर त्या मित्राशी बोलणंच बंद करतो. मास्तर म्हणतात, पोरगं खोटं बोलतंय. ते खोटं नसतं. ते वाट बघणं असतं.

ही मुलं स्वतःशी एक हिशेब मांडतात, आणि पाच ते दहा या वयात तो जवळजवळ नेहमी चुकीचा असतो: मी काहीतरी केलं म्हणून ते गेले. एक मुलगा मला म्हणाला होता, “मी रात्री लई रडायचो म्हणून पप्पा गेले.” तो तेव्हा दीड वर्षाचा होता! घरात कुणीतरी कधीतरी हे हसत हसत बोललं असणार, पोरानं ते जपून ठेवलं.

म्हणून पहिलं काम. त्याच्याशी त्याच्या बापाबद्दल बोला, बहिणीशी ठरवून, तिच्यासमोर. जमलं तर तिनं बोलावं, तुम्ही शेजारी बसावं. शब्द असे काहीतरी: “तुझे पप्पा भिवंडीला असतात. ते का येत नाहीत, ते आम्हालाही नीट माहीत नाही. तुझ्यामुळं ते गेले नाहीत, ते मोठ्यांचं होतं. ते कधी येतील ते आम्ही सांगू शकत नाही. तुला त्यांची आठवण आली तर सांग, आम्ही चिडणार नाही.” शेवटचं वाक्य विसरू नका. बहुतेक घरांत मुलाला कळून चुकलेलं असतं की पप्पांचं नाव काढलं की आईचा चेहरा उतरतो, आजी शिव्या देते. मग तो नाव काढणं बंद करतो आणि सगळे म्हणतात, पोरगं विसरलं बघा.

दोन वाक्यं मात्र चुकूनही नकोत. एक, “पप्पा कामात आहेत, पुढच्या दिवाळीला येतील.” तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीचा वायदा करू नका. आणि दुसरं, “आता तूच घरातला कर्ता पुरुष.” हे लोक प्रेमानं म्हणतात, विशेषतः लग्नाकार्यात, डोक्यावर टोपी ठेवून. नऊ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हे ओझं किती असतं ते मी पाहिलंय. अशी एक दहा वर्षांची ‘कर्ती’ व्यक्ती रात्री तीनदा उठून दाराची कडी तपासायची. घरात कर्ती माणसं आहेत, तुमची बहीण आहे, तुम्ही आहात. त्याला पोरच राहू द्या.

आणि तो ‘धाक’. तुमच्या घरातही कुणीतरी म्हटलंच असेल की मुलाच्या जातीला पुरुषाचा धाक पाहिजे. मला हे अजिबात पटत नाही. मारहाण करणारे बाप ज्या घरांतून माझ्याकडे आले, त्या घरांत धाकाची काही कमी नव्हती. तुमच्या बहिणीनं “मामाला सांगेन हं” असं म्हणायला सुरुवात केली असेल तर तिला आजच थांबवा. त्यानं तिचा शब्द हलका होतो आणि तुमचं घरी येणं पोराला नकोसं होतं. शिस्त तिची, तुम्ही तिच्यामागं उभे राहा. ती ‘नाही’ म्हणाली की तुमचंही ‘नाही’. इथं बरेच चांगले मामा चुकतात. बहिणीवर उपकार करता करता तिच्या घराचे मालक होऊन बसतात.

आता हाकेकडे येतो.

मराठीत ‘माय मरो, मावशी जगो’ अशी म्हण आहे. बाप नसला तर कोण जगो, याची म्हण नाही. शोधून बघा. काकाच्या वाट्याला तर १७७३ साली शनिवारवाड्यात जे घडलं त्यापासून ‘काका मला वाचवा’ हेच आलंय, आणि मामाचं नाव आपण कुणाला फसवलं की घेतो, ‘मामा बनवला’ म्हणून. मावशीला आईची जागा आपल्या भाषेनं देऊन टाकली. बापाच्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या पुरुषासाठी शब्दच ठेवला नाही. म्हणून पोरं ‘पप्पा’ हा हाताशी असलेला शब्द उचलतात. त्यात दरवेळी ‘तू माझा बाप हो’ असा अर्थ नसतो. गर्दीत हात सुटलेल्या पोरानं, आजूबाजूची सगळी पोरं ज्या शब्दानं ज्या माणसाला बोलावतात, तो शब्द त्या माणसासाठी वापरला. खांद्यावर बसवून मिरवणुकीतले नंदीध्वज दाखवणाऱ्या माणसाला, दुसरं काय म्हणणार?

तुम्ही ओ दिली, वळलात, त्याला उचललंत. बरोबर केलंत. पुन्हा म्हणाला तरी ओ द्या. “मी पप्पा नाही, मामा आहे” असं तिथल्या तिथं दुरुस्त करू नका, पोरगा मेल्याहून मेला होतो. पण तुम्ही स्वतः तो शब्द उचलू नका. “ये, पप्पाकडं ये” असं नाही, शाळेत “मी याचा वडील” असं नाही. आणि आतून गुदगुल्या झाल्या तर त्या एखाद्या मित्राला सांगा, पोराला नको. निवांत असाल तेव्हा त्याच्याशीच बोलून एक हाक ठरवा, तुमच्या दोघांपुरती. सोलापुरात शब्दांना तोटा नाही. आपल्याकडे कानडीतला अप्पा आहे, तेलुगूतला अण्णा आहे, दादा, तात्या आहेत. एका पोरीनं तिच्या सावत्र वडिलांना ‘अप्पादोस्त’ असं नाव दिलं होतं. आता तिला मूल झालंय, ते मूलही त्यांना अप्पादोस्तच म्हणतं.

हे नावांचं वेगळेपण मी उगाच ताणत नाहीये. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे म्हणून सुचतं. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत. त्यांनी आधी संन्यास घेतला, मग संसारात परतले, आणि परंपरा सांगते की शेवटी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला. मागच्या भावंडांचा आधार झाला तो थोरला निवृत्ती. ज्ञानदेव त्याला बाप म्हणाले नाहीत, गुरू म्हणाले. आणि ‘बाप’ हा शब्द त्यांच्या अभंगांच्या नाममुद्रेत आला तो ‘बापरखुमादेवीवरु’ असा, विठ्ठलासाठी. वडिलांचं नाव विठ्ठल, आईचं रुक्मिणी. अर्थ लावणारे काही लावोत, मला त्यात एक पोर दिसतं, ज्यानं बापाचा शब्द बापासाठीच राखून ठेवला आणि भावाला दुसरी, त्याच्याच मापाची जागा दिली.

जरा कडू बोलतो, राग मानू नका. बापाविना पोराच्या घरात जो पुरुष येतो तो चांगलाच असतो असं नाही. शेजारचा काका, क्लासचा सर, आईचा ओळखीचा. पोक्सो कायद्यात २०१२ पासून नात्यातल्या आणि विश्वासातल्या माणसानं केलेला लैंगिक गुन्हा जास्त गंभीर धरलाय, ते उगाच नाही. तुमच्यावर माझा संशय नाही. पण भाच्याला एक नियम तुमच्याकडूनच कळू द्या: मोठ्या माणसाबरोबरची कुठलीही गोष्ट आईपासून लपवायची नसते, माझ्याबरोबरचीसुद्धा. “आईला सांगू नको हं” म्हणत पेढा देणंही सोडा, गंमत म्हणूनही. पुढं कुणी वाईट माणूस हेच वाक्य बोलला तर पोराच्या कानाला ते खटकलं पाहिजे.

कागदपत्रांचं झटपट सांगतो. कायद्यानं तुम्ही पालक नाही, आणि व्हायची गरजही नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, त्याच्यानंतर आई असं लिहिलंय. पण सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्येच सांगितलं की ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, बाप लक्ष देत नसेल, दूर असेल तर तो जिवंत असतानाही आई पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. तेव्हा सह्या बहिणीच्या. शाळेत आणि दवाखान्यात तिच्या पत्रानं तुमचा दुसरा नंबर लावून ठेवा. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून एकाच पालकाचं नाव चालतं. मुलाची पोटगी बापाकडून मागता येते, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४. ती मागायची की नाही हे बहिणीनं ठरवावं, पण ‘भीक नको’ म्हणून सोडू नका, तो पोराचा हक्क आहे. एकट्या पालकाच्या मुलांसाठी सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. आणि “तूच दत्तक घेऊन टाक” असा सल्ला जे नातेवाईक देतात त्यांना चहा पाजून घालवा. दत्तक दिलं की कायद्यानं पोराचं त्याच्या आईशीही नातं तुटतं, हे त्यांच्या गावी नसतं.

आता लग्न. तुमची खरी भीती इथंच आहे, आणि ती रास्त आहे. एकदा एक माणूस हळूहळू येईनासा झाला, हे त्या पोरानं पाहिलंय. दर महिन्याला, मग दिवाळीला, मग फोन. तुमचं येणं कमी झालं की त्याला तोच जिना दिसणार, पहिल्याच पायरीवरून.

मुलीशी स्वतः बोला, तिच्या वडिलांशी नाही. सिद्धेश्वराच्या देवळात भेटा, चहाला जा, कुठंही. “थोडे दिवस आहे, मग बघू” असं म्हणालात तर ती आणि भाचा, दोघंही फसतील. सांगा की बहीण आणि भाचा याच घरात राहणार आहेत, त्याच्या शाळेचा एवढा खर्च मी करतो, आणि रविवारची सकाळ त्याची आहे. ती लग्नानंतरही त्याची राहील. यावर तिला विचार करायला वेळ द्या. ती नाही म्हणाली तर वाईट मुलगी नव्हे, तिला तिचा संसार हवाय. हो म्हणाली तर साखरपुड्याच्या आधी पोराची गाठ घालून द्या, आणि एकमेकांवर माया करायची घाई लादू नका, ना त्याच्यावर, ना तिच्यावर.

रविवारची सकाळ मी मुद्दाम म्हटलं. एमआयडीसीत तुमच्या पाळ्या बदलतात, रोजचं जमेलच असं नाही. लग्नानंतर तर नाहीच. म्हणून लहानच गोष्ट धरा पण पक्की धरा. केस कापायला बरोबर जाणं, बाजारात जाऊन भाजी आणणं, सायकल पुसणं. काहीतरी काम असलेलं बरं, माझ्या मापाच्या वहीसारखं, कारण मुलगे समोरासमोर बसून बोलत नाहीत, शेजारी काम करताना बोलतात. एखादा रविवार चुकणार असेल तर शनिवारी सांगा, आणि कधी भरून काढणार ते वार सांगून सांगा. पाच वर्षांत त्याच्याशी असं कुणी वागलेलं नाही. तुम्हाला स्वतःचं मूल झालं की पहिले सहा महिने हे कोलमडेल, सगळ्यांचंच कोलमडतं. तेव्हा बाळाला घेऊन त्याच्याबरोबर भाजीला जा.

लग्न ठरल्याची बातमी त्याला आधी कळू द्या. पत्रिका छापून घरात येतात आणि मग पोराला वाचून कळतं, हे मी पाहिलंय. आणि करवला त्यालाच करा. दुसऱ्या बहिणीचा धाकटा गोरागोमटा मुलगा जास्त शोभेल असं कुणी म्हणेल, ऐकू नका.

राहिलं दाजींना पत्रिका पाठवायचं. ते बहिणीला विचारा, तिचा शब्द शेवटचा. ती हो म्हणाली आणि ते खरंच आले, तर तयारी ठेवा. पोरगा दिवसभर त्यांच्या मागं मागं फिरेल. त्यांच्या ताटाशेजारी जेवायला बसेल, त्यांचा मोबाइल धरून उभा राहील, सगळ्यांना “माझे पप्पा, माझे पप्पा” करत ओळख करून देईल. तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. आत काहीतरी तुटेल तुमच्या, पण बोलू नका, आणि आजीलाही बोलू देऊ नका. वरात निघताना घोड्यावर तुमच्यापुढं करवल्याची जागा असते, तिथं दुसऱ्या कुणाला चढवू नका. त्याला यायला उशीर झाला तर बँडवाल्याला आणखी एक गाणं वाजवायला सांगा.